संख्येतून रंगाकडे : फर्डिनंड बाउअर यांची साधने, कार्यपद्धती आणि वनस्पतिचित्राची समीक्षा

प्रास्ताविक

वनस्पतिचित्र हा कलाप्रकार समीक्षेच्या दृष्टीने दोन दालनांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा आहे. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक त्याच्याकडे नोंद म्हणून पाहतो, चित्राच्या अचूकतेची परीक्षा घेतो आणि पुढे जातो. कलासमीक्षक त्याला सजावटीचा किंवा ग्रंथचित्रणाचा एक भाग समजून त्याच्या सौंदर्याविषयी दोन गौरवाची वाक्ये लिहितो आणि तोही पुढे जातो. दोघांच्याही हातून एक प्रश्न सुटतो. हे चित्र नेमके कशाने आणि कोणत्या क्रमाने तयार झाले? कागद, पेन्सिल, कुंचला, रंग आणि चित्रकाराचे रोजचे परिपाठ हा चित्रामागील केवळ तांत्रिक तपशील नसून चित्राच्या अर्थाचाच भाग असतो, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. ही भूमिका तपासण्यासाठी फर्डिनंड बाउअर (१७६०–१८२६) या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या कार्यपद्धतीचा येथे विचार केला आहे.

बाउअर यांची निवड करण्यामागे सबळ कारण आहे. फुलाचा रंग जागेवर रंगवण्याऐवजी तो आकड्यांनी लिहून ठेवायचा आणि पुढे महिन्यांनी, प्रसंगी वर्षांनी, चित्रशाळेत बसून त्या आकड्यांवरून पूर्ण जलरंगचित्र साकारायचे, ही त्यांची सवय कलेतिहासात प्रसिद्ध आहे. तिचे कौतुक भरपूर झाले आहे. तिची मर्यादा आणि तिची किंमत यांची चर्चा मात्र त्या मानाने कमी झाली आहे.

जडणघडण : मठातील चित्रशाळा

बाउअर यांचा जन्म १७६० साली फेल्ड्सबर्ग येथे झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात असून वाल्टिस या नावाने ओळखले जाते. वडील लिख्टेनश्टाइन राजघराण्याचे चित्रकार होते. परंतु फर्डिनंड वर्षभराचे असतानाच त्यांचे निधन झाले. योझेफ, फ्रान्झ आणि फर्डिनंड या तिघा भावांना वनस्पतिचित्रणाकडे वळवले ते गावातील मठाचे प्रमुख, वैद्य आणि वनस्पतिज्ञ नॉर्बर्ट बोक्सियस यांनी. त्यांच्यासाठी या भावांनी कुमारवयातच रंगवलेल्या वनस्पतिचित्रांचा चौदा खंडांचा संग्रह पुढे लिख्टेनश्टाइन घराण्याकडे गेला. त्यात अडीच हजारांहून अधिक चित्रे आहेत. येथे कलाशिक्षण म्हणजे पुतळे आणि नग्नाकृती गिरवणे नव्हते. समोर आलेली वनस्पती ती कोमेजण्यापूर्वी कागदावर उतरवणे, हेच येथील शिक्षण होते. वेगाचे आणि शिस्तीचे संस्कार बाउअर यांच्यावर याच वयात झाले.

पुढे १७८० च्या सुमारास फ्रान्झ आणि फर्डिनंड व्हिएन्नाला निकोलाउस फॉन जॅकविन यांच्याकडे काम करू लागले. तेथे लिनिअसच्या वर्गीकरणपद्धतीची आणि भिंगाखाली फुलाच्या अवयवांचे विच्छेदन करण्याची सवय त्यांच्या हातात मुरली. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन सिबथॉर्प डायोस्कोरिडिसच्या सहाव्या शतकातील सचित्र हस्तलिखिताच्या अभ्यासासाठी व्हिएन्नाला आले असताना त्यांनी फर्डिनंड यांना आपल्या प्रवासासाठी चित्रकार म्हणून नेमले. मार्च १७८६ मध्ये दोघे इटलीमार्गे क्रीट, ग्रीक बेटे, कॉन्स्टँटिनोपल आणि सायप्रसच्या प्रवासास निघाले आणि १७८७ च्या अखेरीस इंग्लंडला पोहोचले.

पेन्सिल, आकडा आणि कागद

या प्रवासात बाउअर यांच्या हाताशी मुख्यतः कागद आणि पेन्सिल होती. रोज नवे गाव आणि नवी वनस्पती, त्यात मुक्काम अनिश्चित. अशा परिस्थितीत जलरंगाचे पूर्ण चित्र करणे व्यवहार्य नव्हते. जलरंगाला स्वच्छ पाणी लागते, सपाट बैठक लागते, एक थर वाळल्यावर दुसरा देण्याइतकी उसंत लागते. पेन्सिलीला यांपैकी काहीच लागत नाही. म्हणून बाउअर यांनी वनस्पतीची बाह्यरेषा, फांदीची वळणे, पानांची मांडणी आणि फुलाचे अवयव पेन्सिलीने रेखाटले आणि त्या त्या भागावर बारीक अक्षरात आकडे लिहिले. प्रत्येक आकडा म्हणजे रंगाची एक विशिष्ट छटा. पाकळीच्या टोकाला एक आकडा, तळाशी दुसरा. पानाच्या वरच्या पृष्ठभागाला एक, खालच्या पृष्ठभागाला वेगळा.

या आकड्यांमागे रंगतक्ता असला पाहिजे हे उघड आहे. ग्रीसच्या प्रवासात वापरलेला तक्ता आज उपलब्ध नाही. मात्र माद्रिदच्या शाही वनस्पती उद्यानातील दप्तरात, थाडेउस हेंके या बोहेमियन निसर्गशास्त्रज्ञाच्या कागदपत्रांत, १४० छटांचा एक क्रमांकित तक्ता मिळाला. हेंके हेदेखील व्हिएन्नात जॅकविन यांच्या वर्तुळात वावरलेले होते आणि पुढे ते मालास्पिना यांच्या स्पॅनिश मोहिमेवर गेले. लॅक आणि इबान्येझ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तक्त्याचा संबंध बाउअर बंधूंच्या सुरुवातीच्या पद्धतीशी जोडून दाखवला. ग्रीसच्या रेखाटनांवर अडीचशेहून अधिक छटांचे आकडे आढळतात. पुढील ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेत ही संख्या हजाराच्या घरात गेली. म्हणजे ही पद्धत बाउअर यांनी शून्यातून निर्माण केलेली नाही. मठातील आणि व्हिएन्नातील सामायिक सवयीला त्यांनी आपल्या नजरेच्या सूक्ष्मतेनुसार सातत्याने वाढवत नेले. प्रतिभेचा एकाकी चमत्कार म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी हा मुद्दा ध्यानात घ्यायला हवा.

शब्दाऐवजी संख्या का?

रंग आकड्याने का लिहायचा, शब्दाने का नाही, या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाला आपल्याच भाषेत सापडते. अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, जांभळा, लिंबोणी, आमसुली, मोतिया, केशरी ही आपली रंगनावे पाहिली तर त्यांतील बहुतेक नावे फुलाफळांवरून आली आहेत. लुगड्याचा रंग सांगताना ती अत्यंत उपयोगी पडतात, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते फूल किंवा फळ उभे राहते. परंतु ज्याला खुद्द अबोलीचे फूल रंगवायचे आहे त्याला 'अबोली' या शब्दाचा काय उपयोग? अबोली अबोली रंगाची असते, एवढेच विधान हाती लागते. फुलाची ओळख रंगाने आणि रंगाची ओळख फुलाने, असे हे वर्तुळ आहे. अपरिचित वनस्पतीच्या बाबतीत तर शब्दाची झेप आणखी तोकडी पडते. जे फूल भाषेने अद्याप पाहिलेलेच नाही, त्याच्या रंगाला भाषेत नाव कोठून असणार?

संख्या या वर्तुळातून बाहेर पडते, कारण ती कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवत नाही; ती तक्त्यावरील एका प्रत्यक्ष रंगवलेल्या चौकोनाकडे बोट दाखवते. रंगांचे प्रमाणीकरण करण्याचे प्रयत्न त्या काळात अन्यत्रही चालू होते. खनिजशास्त्रज्ञ वेर्नर यांच्या रंगनामावलीचा पॅट्रिक साइम यांनी केलेला विस्तार १८१४ साली एडिंबरोत प्रसिद्ध झाला आणि चार्ल्स डार्विन यांनी तो बीगलच्या सफरीत वापरला. मात्र त्यात प्रत्येक छटेला शब्दनाम होते आणि ती छटा कोणत्या प्राण्यात, वनस्पतीत आणि खनिजात आढळते याची उदाहरणे होती. त्या नामावलीची प्रत विकत घेता येत होती. बाउअर यांचा तक्ता छापलाच गेला नाही. हा फरक पुढे निर्णायक ठरतो.

पार्किन्सन यांच्याशी तुलना

बाउअर यांच्या पद्धतीचे मूल्य ठरवण्यासाठी सिडनी पार्किन्सन यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. कॅप्टन कुक यांच्या एंडेव्हर जहाजावर (१७६८–१७७१) जोसेफ बँक्स यांनी नेमलेल्या या तरुण चित्रकारापुढेही वनस्पतींचा असाच पूर लोटला होता. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर पूर्ण चित्रांचा वेग अपुरा पडू लागल्यावर त्यांनी बाह्यरेषा काढून एखादे पान किंवा फूल तेवढे रंगवले आणि उरलेल्या रंगांच्या नोंदी इंग्रजी शब्दांत लिहून ठेवल्या. परतीच्या वाटेवर जानेवारी १७७१ मध्ये पार्किन्सन यांचा मृत्यू झाला. त्यांची अपुरी रेखाटने लंडनमध्ये इतर चित्रकारांनी त्या शब्दनोंदींच्या आणि वाळवलेल्या नमुन्यांच्या आधाराने पुरी केली. त्यांवरून कोरलेल्या सातशेहून अधिक ताम्रपटांचे रंगीत मुद्रण तर थेट १९८० ते १९९० या दशकात झाले.

अचूकतेच्या निकषावर पाहिले तर आकडा शब्दापेक्षा श्रेष्ठ ठरतो. परंतु वारशाच्या निकषावर पाहिले तर चित्र उलटे दिसते. पार्किन्सन यांच्या ओबडधोबड शब्दनोंदी कोणालाही वाचता येत होत्या, म्हणून चित्रकार गेल्यानंतरही चित्रे जगली. बाउअर यांचे आकडे मात्र तक्त्यावाचून मुके आहेत. ते स्वतः दीर्घकाळ हयात राहिले आणि आपल्या नोंदींचा अर्थ त्यांना अवगत होता, म्हणूनच त्यांच्या पद्धतीची ही दुबळी बाजू त्यांच्या हयातीत उघडी पडली नाही.

चित्रशाळेतील दुसरा जन्म

ऑक्सफर्डला परतल्यावर सुमारे सहा वर्षांत बाउअर यांनी 'फ्लोरा ग्रेका'साठी ९६६ वनस्पतिचित्रे पूर्ण केली. प्राण्यांची चित्रे यात धरलेली नाहीत. म्हणजे सरासरी आठवड्याला तीन चित्रे. हा वेग पेन्सिल-रेखाटनाच्या पूर्वतयारीमुळेच शक्य झाला. प्रवासात निरीक्षण आणि चित्रशाळेत रंगकाम अशी कामाची विभागणी झाल्याने रंगवताना निर्णय घेण्यात वेळ जात नसे.

त्या काळी इंग्लंडमध्ये वनस्पतिचित्रकारांना अनुकूल अशी साधनेही उपलब्ध झाली होती. जेम्स व्हॉटमन यांच्या गिरणीत अठराव्या शतकाच्या मध्यापासून तयार होऊ लागलेल्या विणीव जाळीच्या कागदावर जुन्या कागदावरील समांतर रेघा नव्हत्या. त्यामुळे पाकळीवरची शीर आणि कागदाची रेघ यांची गल्लत होण्याचा धोका टळला. रीव्ह्ज बंधूंनी तयार केलेल्या जलरंगाच्या वड्यांना १७८१ साली लंडनच्या कलासंस्थेने पारितोषिक दिले. प्रत्येक वेळी रंगद्रव्य घोटून घेण्याच्या कष्टातून चित्रकाराची बरीचशी सुटका झाली. वनस्पतिचित्रकार आजही घट्ट दाबाने गुळगुळीत केलेला कागद आणि टोकदार केसाळ कुंचला यांविषयी कमालीचे आग्रही असतात, ते याच कारणाने. साधनाची पसंती येथे लहरीवर अवलंबून नसते. पुंकेसराचा तंतू एका श्वासात ओढता आला नाही तर वनस्पतीची ओळखच चुकू शकते.

परंतु येथे समीक्षेच्या दृष्टीने कळीचा प्रश्न उपस्थित होतो. ऑक्सफर्डमध्ये रंगवलेल्या ग्रीक फुलावरचा प्रकाश कोठला? आकडा वस्तूचा स्वतःचा रंग सांगतो. त्या क्षणीचे ऊन, सावली, पानावरची चकाकी तो सांगत नाही. बाउअर यांच्या चित्रांत पाने उजळतात, कडेला वळून सावलीत जातात, लवदार पृष्ठभाग आणि तकतकीत पृष्ठभाग वेगळे दिसतात. हे सारे आकड्यांत नव्हते. ते स्मरणातून, वाळवलेल्या नमुन्यावरून आणि वर्षानुवर्षांच्या सरावातून आले. तेव्हा 'आकड्यांवरून रंगवणे' म्हणजे ठरलेल्या चौकटीत रंग भरणे, असे जर कोणी समजेल तर तो गैरसमज होय. चित्रशाळेत वनस्पतीचा दुसरा जन्म होतो आणि त्या जन्मात चित्रकाराची कल्पनाशक्ती दायाद असते.

यातून दुसरा निष्कर्षही निघतो. बाउअर यांचे चित्र एका विशिष्ट क्षणीच्या एका विशिष्ट रोपाचे वाटते. प्रत्यक्षात ते त्या जातीचे प्रातिनिधिक रूप असते. कळी, उमललेले फूल, फळ आणि विच्छेदित अवयव एकाच पृष्ठावर येतात. निसर्गात हे सारे एका वेळी क्वचितच दिसते. आपण त्याला यथातथ्य चित्रण म्हणतो. वस्तुतः ती काटेकोर रचना आहे. गटे यांनी १८१७ साली फुलांच्या चित्रणावर लिहिताना लॅम्बर्ट यांच्या पाइनवृक्षांवरील ग्रंथातील बाउअर यांच्या चित्रांचा गौरव केला, तो याच रचनेच्या बळाला उद्देशून होता असे मानता येते.

'चित्रित करवून घेणारे'

'फ्लोरा ग्रेका' हा ग्रंथ सिबथॉर्प यांच्या मृत्यूनंतर, १८०६ ते १८४० या काळात, दहा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावरील लॅटिन शीर्षकात वनस्पती गोळा करणारे, त्यांचा शोध घेणारे आणि त्या चित्रित करवून घेणारे म्हणून सिबथॉर्प यांचा उल्लेख आहे. 'करवून घेणारे' हे प्रयोजक रूप बोलके आहे. करणारा त्या वाक्यात नाही. आज मात्र या ग्रंथाची ख्याती प्रामुख्याने त्यातील चित्रांमुळे टिकून आहे.

१८०१ ते १८०५ या काळात बाउअर मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्या इन्व्हेस्टिगेटर जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेवर होते. वनस्पतिज्ञ रॉबर्ट ब्राउन त्यांच्या सोबत होते. या मोहिमेत बाउअर यांनी दोन हजारांच्या आसपास रेखाटने केली. पुढे लंडनमध्ये त्यांतील काही भागच पूर्ण जलरंगचित्रांत उतरला. स्वतःच्या जबाबदारीवर त्यांनी १८१३ पासून ऑस्ट्रेलियातील वनस्पतींचा एक चित्रसंग्रह काढला. ताम्रपट स्वतः कोरले, छापील प्रती स्वतः रंगवल्या. पंधरा चित्रांनंतर तो उपक्रम थांबला. ग्राहकच मिळाले नाहीत. १८१४ साली ते व्हिएन्नाला परतले आणि १८२६ मध्ये त्यांचे निधन झाले. बरीचशी रेखाटने व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहेत. पानोपानी आकडे आहेत. त्यांचा तक्ता मात्र नाही.

अलीकडच्या काळात ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाच्या आश्रयाने रिचर्ड मलहॉलंड यांनी पूर्ण झालेल्या चित्रांतील रंगद्रव्यांचे विश्लेषण करून, रेखाटनांवरील आकड्यांशी त्यांची सांगड घालून हरवलेल्या ग्रीक तक्त्याच्या पुनर्रचनेचा प्रयत्न केला. जेथे रेखाटन आणि पूर्ण चित्र दोन्ही उपलब्ध आहेत तेथे हे शक्य आहे. जेथे फक्त रेखाटन आहे तेथे अन्य चित्रांच्या साक्षीने अंदाज करावा लागतो. संस्थांनी चित्रे जपली, त्यांची सूची केली, त्यांना चामड्याची बांधणी दिली. पण ज्या साधनामुळे ती चित्रे अर्थपूर्ण होती ते साधन टिकले नाही. कलाकृती मौल्यवान आणि साधन टाकाऊ, ही समजूत किती महाग पडते याचे हे उदाहरण होय.

दापोडीचा संदर्भ

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पुण्याजवळील दापोडी येथे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८२८ साली सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून त्याचे अधीक्षक होते. १८४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तेथील वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत आणि हेन्री नॉल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा किंवा गोव्याकडील असावा एवढाच सुगावा लागतो; त्याचे नाव नोंदलेले नाही. 'करवून घेणारे' येथेही ज्ञात आहेत, 'करणारा' अज्ञात आहे.

बाउअर यांचा तक्ता हरवला. दापोडीच्या चित्रकाराचे तर नावच हरवले. दोन्ही हानींचे मूळ एकच आहे. ज्ञाननिर्मितीत हाताने केलेल्या कामाला दुय्यम लेखण्याची वृत्ती हे ते मूळ होय. या अनामिक चित्रकाराविषयी काही जाणून घ्यायचे असेल तर चरित्राची साधने उपयोगी पडणार नाहीत. त्याचा कागद, त्याचे रंगथर, रेषा ओढण्याची त्याची लकब हीच त्याची उरलेली कागदपत्रे आहेत. साधने आणि सवयी यांची समीक्षा हा केवळ हौसेचा विषय नाही, तो न्यायाचाही विषय आहे, असे यावरून म्हणता येईल.

समारोप

बाउअर यांच्या कार्यपद्धतीच्या विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, वनस्पतिचित्रातील अचूकता ही डोळ्याची देणगी असण्यापेक्षा कामाच्या विभागणीचे फलित असते. आकार पेन्सिलीने, रंग संख्येने, पोत वाळवलेल्या नमुन्याने आणि प्रकाश सरावाने पुरवला जातो. दुसरी, नोंदपद्धती जितकी सूक्ष्म तितकी ती एका व्यक्तीशी बांधली जाण्याचा धोका अधिक. पार्किन्सन यांचे शब्द स्थूल होते, पण ते सर्वांचे होते. बाउअर यांची संख्या सूक्ष्म होती, पण ती त्यांच्यापुरती राहिली. तिसरी, या धोक्याची जबाबदारी केवळ चित्रकारावर टाकता येत नाही. चित्रकाराला पगारी हात मानणाऱ्या आश्रयदात्यांनी आणि संस्थांनी त्याची साधने जपण्याची गरजच ओळखली नाही.

आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांत वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह असतात आणि अनेक ठिकाणी जुन्या शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी काढलेली चित्रेही असतात. त्या चित्रांसोबत कोणी, कोणत्या कागदावर, कोणत्या रंगांनी आणि ताज्या की वाळलेल्या नमुन्यावरून काम केले, एवढ्या चार नोंदी ठेवणे अवघड नाही. कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांच्या अध्यापकांनी मिळून हे काम हाती घेतले तर पुढील अभ्यासकाला तक्त्यावाचूनच्या आकड्यांपुढे बसून राहावे लागणार नाही.